आठवं वल्हं

माझ्या नणंदेला सगळे मिस्त्री म्हणतात. घरातले म्हणतात, शेजारचे म्हणतात, कॉलेजचे प्राचार्यही म्हणतात. पोस्टमन दारात उभा राहून "मिस्त्रीबाई आहेत का?" असं विचारतो, तेव्हा नवीन माणसाला वाटतं, इथे कुणी मिस्त्री राहतो आणि ही त्याची बायको असणार. तसं काही नाही. करवत तीच चालवते.

माझ्या सासऱ्यांचा जन्म दारं-खिडक्या आणि कपाटं करण्यात गेला. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, खिळा ठोकायला बसले की आधी स्वतःचा अंगठा ठोकून घ्यायचे. धाकटी मुलगी मात्र आठव्या वर्षी रंधा मारायची. सासरे म्हणायचे, "वाटणीत जरा घोळ झाला, पण माल घरातच राहिला." पुढे हे औषधांच्या दुकानात कामाला लागले आणि बहिणीनं बापाच्या हत्यारांची पेटी घेतली. त्यावरून बहीणभावांत कधी भांडण झालं नाही. यांना ती पेटी उचलवतही नव्हती.

"लग्न जमलं नाही का हो तिचं?" असं मला अजूनही कुणी कुणी विचारतं. मी ते तिलाच विचारायला सांगते. तिचं उत्तर ठरलेलं आहे. "तीन घरं पाहिली. तिन्ही घरांची दारं खाली घासत होती आणि एकाही माणसाच्या ते लक्षात आलेलं नव्हतं. अशा माणसांबरोबर काय राहायचं?"

बावीस वर्षांपूर्वी कॉलेजनं तिला प्रयोगशाळेतली बाकं दुरुस्त करायला बोलावलं. फळ्या शोधत शोधत ती मागच्या बाजूला, नदीकाठच्या बोटघरात पोचली. तिथे एक लांबलचक बोट उलटी ठेवलेली होती आणि तिच्या पोटावरच्या भेगेला चिकटपट्टी लावलेली होती.

"हे कुणी केलं?" हिनं विचारलं.

"मी," भूगोलाचे सर म्हणाले. वल्हवण्याचा क्लब तेच चालवतात.

"बरं. आता परत हात लावू नका."

तेव्हापासून त्या बोटघराची मालकीण ही. कागदोपत्री ती कॉलेजची सुतार आहे; पण बाकं, फळे, खिडक्या हे सगळं दुपारनंतर. सकाळ नदीची.

बोटघर म्हणजे पत्र्याचं लांब छप्पर. आत दोन्ही बाजूंना मांडण्या आणि त्यांवर बोटी, एकीवर एक. वार्निश, ओले मोजे आणि कालचा चहा असा तिथला मिश्र वास. एका भिंतीला खाचा पाडलेली आडवी फळी आहे, तिच्यात वल्ही उभी राहतात. दुसऱ्या भिंतीला काळा फळा, त्यावर सर वेळा लिहितात. मधे हिचं टेबल. टेबलावर पाने, स्क्रू, कापडाच्या चिंध्या आणि पांढऱ्या खडूंचा डबा.

खडूचं असं आहे. वल्ह्याला मधे एक कडं असतं. कड्याच्या अलीकडचा भाग हातात, पलीकडचा पाण्यात. हे कडं स्क्रू सैल करून सरकवता येतं आणि कोणासाठी ते कुठे असावं याचं माप हिच्याजवळ वहीत लिहिलेलं असतं. कडं जागेवर बसवलं, स्क्रू आवळला, की ही मुठीवर खडूनं एक आडवी रेघ मारते. रेघ दिसली की मुलींनी वल्हं उचलायचं. रेघ नसेल तर सरांनी सांगितलं तरी उचलायचं नाही. बावीस वर्षांत त्या रेघेवर कुणी प्रश्न विचारला नव्हता.

आमची मुलगी कॉलेजात गेली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं क्लबात नाव घातलं. तिला घरात मुंगी म्हणतात. हे नाव आत्यानंच ठेवलेलं. दीड वर्षाची असताना ती स्वतःपेक्षा मोठी उशी ओढत खोलीभर फिरायची आणि कुणी मदत करायला गेलं की किंचाळायची. क्लबात आत्याच्या तोंडून ते नाव सुटलं आणि तिथेही चिकटलं. तिथे प्रत्येकीला असं काहीतरी चिकटतं. सुकाणू धरून समोर बसते आणि सारखी ओरडत असते ती पोपट. मुलींना शिकवण्यासाठी ठेवलेली आठजणींची रुंद, जाड बोट म्हणजे म्हैस. आणि मुंगीच्या वर्गातली एक मुलगी ताडमाड वाढलेली, ती शिडी. शिडी स्वभावानं इतकी गरीब, की आमच्या घरी येताना दार पुरेसं उंच असूनही मान वाकवून आत यायची.

मला हे वल्हवणं पहिली दोन वर्षं मुळीच आवडलं नाही. खरं सांगायचं तर ते मला फक्त धुण्याच्या रूपात भेटायचं. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर ओले मोजे. न्हाणीघरात कायम कुणाचा तरी टॉवेल. साडेचारचा गजर, मग "आत्या, उठलीस का?" आणि आत्याचं "मी कधीची उठलेय, तू ये." पाच अंडी एका वेळेला खाणारी मुलगी. आणि तिचे तळहात! घट्टे, फोड, फुटलेले फोड, त्यावर चिकटपट्ट्या. माझी आई तिचे हात बघून म्हणाली, "ही कॉलेजात जाते का खाणीत?"

तिसरं वर्ष शेवटचं. मोठ्या शर्यतीला चारजणींची एकच बोट पाठवतात, वर ओरडायला पोपट. थंडीभर वल्हवण्याच्या मशीनवर घाम गाळून, पुलापर्यंत आणि परत अशा शेकडो खेपा घालून, तीन जागा ठरल्या. चौथी जागा मुंगीची की शिडीची, एवढंच राहिलं. दोघींच्या मशीनवरच्या वेळा एकसारख्या. दोघींचं हे शेवटचं वर्ष. मुंगी घरात बोलत नव्हती, पण जेवताना मधेच हात थांबायचा आणि ती भिंतीकडे बघत बसायची. मी म्हणायची, "भिंतीवर काय आहे?" आत्या म्हणायची, "तिथे शिडी आहे. जेवू दे तिला."

अशा वेळी क्लबात जागा ठरवायची एक रीत आहे. चार-चारजणींच्या दोन बोटी काढायच्या. एकीत ही, दुसरीत ती. शर्यत लावायची आणि कोण किती अंतरानं पुढे ते बघायचं. मग दोन्ही बोटी पाण्यातच शेजारी आणून, फक्त या दोघींनी जागा बदलायच्या. बाकीच्या सहाजणी जिथल्या तिथे. पुन्हा शर्यत. जिच्या येण्यानं बोट जास्त पळाली, ती आत. आपल्या क्लबात बदलताना मुलगी आपलं वल्हं बरोबर घेऊन जाते, कारण त्याचं माप तिच्या अंगाचं असतं. "वल्हं म्हणजे चप्पल," मिस्त्री म्हणते. "दुसरीची घालून पळता येत नाही."

ती शर्यत शनिवारी सकाळी ठरली होती. सोमवारी दुपारी चार नावं पुढे पाठवायची होती.

त्याआधीच्या आठवड्यात म्हशीची स्वतःची वल्ही वार्निशला काढली होती, म्हणून नवीन मुलींना या दोन बोटींची आठ वल्ही दिलेली होती. म्हैस रुंद, त्यामुळे आठही वल्ह्यांची कडी सरकवावी लागली. शुक्रवारी संध्याकाळी मिस्त्री ती परत पूर्वीच्या मापावर आणायला बसली.

आणि नेमकी त्याच संध्याकाळी मी गॅसवर दूध ठेवून, शेजारणीशी दोन शब्द बोलायला बाहेर आले आणि दार माझ्यामागे ओढलं गेलं. किल्ली आत. हे दुकानात, मुंगी शिकवणीला. दुसरी किल्ली मिस्त्रीकडे. मी चपला घासत बोटघरापर्यंत पळत गेले.

"मिस्त्री, दूध! गॅसवर! किल्ली!"

तिनं एवढ्या तीन शब्दांत सगळं ओळखलं. हातातला पाना टेबलावर टाकला आणि माझ्यापुढे धावली. दूध जाऊन पातेल्याचं बूड काळं झालं होतं, बाकी काही नाही. तिनं खिडक्या उघडल्या, मला पाणी दिलं आणि वर म्हणाली, "वहिनी, तुला एक किल्ली गळ्यात बांधून देते. गाईच्या घंटेसारखी." मग इतकं हसलो की बोटघराचं काही राहिलं आहे हे दोघींच्याही डोक्यातून गेलं. चौकीदारानं नेहमीप्रमाणे सातला कुलूप लावलं.

शनिवारी सकाळी आठही मुठींवर खडूची रेघ होती. मुलींनी वल्ही उचलली.

मुंगी जिंकली. चांगल्या अर्ध्या बोटीनं जिंकली. सरांनी फळ्यावर चौथं नाव लिहिलं. मुंगी घरी आली ती दारातूनच ओरडत. मी गॅस बंद केला, हो, आता मी आधी गॅस बंद करते, आणि तिला कवेत घेतलं. ती घामानं चिंब, मी पिठानं पांढरी. मग मी फोनला बसले. माझ्या बहिणीला सांगितलं, आईला सांगितलं, यांना दुकानात सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे आता काय, ती नाव चालवणार?" मी म्हटलं, "हो, तेच समज."

मिस्त्री एक वाजता आली. हात धुतले, ताटावर बसली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"मुंगी कुठेय?"

"अंघोळीला. आज पाऊण तास झाला, आज कोण बोलणार तिला! बस ना."

"वहिनी, ती शर्यत रद्द झाली. उद्या सकाळी परत आहे."

मला वाटलं काहीतरी वादळबिदळ असेल. तिनं नीट सांगितलं. मुली गेल्यावर तिनं वल्ही पुसून भिंतीच्या फळीत उभी केली. सात कडी एका ओळीत आली आणि आठवं दीड इंच वर, म्हणजे पाण्याकडचा भाग तेवढा आखूड. शिडीचं. त्याचं माप म्हशीवरचंच राहून गेलं होतं.

"पण रेघ होती ना?" मी विचारलं.

"होती. नेहमी मी कडं बसवते, मग रेघ मारते, मग पुढचं वल्हं. काल घाई होती. आठही मांडीसमोर ठेवली, खडू हातात होता, म्हणून आठांवर एकदमच रेघ ओढली. मग कडी सरकवायला लागले. सात झाली."

आठवं का राहिलं ते तिनं सांगितलं नाही. तिला सांगायची गरजही नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर ते काळं पातेलं आलं.

मी तिला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. "दीड इंचानं काय होतं गं?"

"आखूड पळीनं मोठं पातेलं ढवळून बघ. हाताला हलकं लागतं, पण तळाचं हलत नाही. शिडीला विचारलं मी. म्हणाली, आज वल्हं इतकं हलकं लागत होतं, मला वाटलं आज मी फार जोरात आहे."

ते ऐकून माझं मन जरा गलबललं. पण आईचं मन म्हणजे काय, लगेच ताळ्यावर येतं. "तू सरांना सांगितलंस?"

"सांगूनच आले."

"आधी घरी यायचं होतंस."

"का?"

त्या "का" ला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडानं म्हणण्यासारखं नव्हतं. आधी घरी आली असती तर मी तिला जेवायला वाढलं असतं, समजूत काढली असती, रविवार गेला असता, सोमवारी नावं गेली असती. तिला हे ठाऊक होतं. म्हणूनच ती आधी सरांकडे गेली.

सरांचं आणि तिचं काय बोलणं झालं ते मला नंतर सरांनीच सांगितलं. ते म्हणाले, "अहो मिस्त्रीबाई, निकाल लागला. मुलींना मान्य आहे. आणि तुमच्या भाचीचाच लागलाय. दीड इंचासाठी कशाला?" तर ही म्हणाली, "दीड इंचानं दार लागत नाही, सर. आणि तुम्ही परत घेणार नसाल, तर फळ्यावर तिच्या नावाशेजारी लिहा, की हे मिस्त्रीच्या चुकीनं आलंय. माझ्या सहीनं लिहा." सर म्हणाले, "नको. त्यापेक्षा शर्यत सोपी."

मुंगी न्हाणीघरातून गाणं म्हणत बाहेर आली. आत्यानं तिला तिथेच, ओल्या केसांनिशी, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गोड करून सांगणं तिला येत नाही. मुंगी ऐकत होती. मग तिनं फक्त एक प्रश्न विचारला.

"तू मुद्दाम नाही ना केलंस? माझ्यासाठी?"

"वेडी आहेस का?"

"मग लोकांना हेच वाटणार."

"वाटू दे. उद्या तुम्ही दोघी एकमेकींची वल्ही मापा. मी हात लावणार नाही."

मुंगीनं खोलीत जाऊन दार लावलं. ते दार मिस्त्रीनं बसवलेलं, त्यामुळे ते आपटत नाही, नुसतं मऊ बसतं. तिला त्याचाही राग आला असावा, कारण तिनं ते दोनदा उघडून लावलं.

यांना संध्याकाळी सांगितलं, तर हे म्हणाले, "बरोबर केलं तिनं." मी म्हटलं, "तुम्हाला काय जातंय म्हणायला!" हे म्हणाले, "आमच्या दुकानात गोळीचं माप चुकलं तर आपल्या घरच्यांना लागू पडलं म्हणून तसंच ठेवत नाहीत." दोघं भावंडं एकाच माळेचे मणी. त्या घरात मी एकटीच व्यवहारी आहे, हे मला त्या दिवशी पुन्हा एकदा कळलं.

रविवारी मी पहिल्यांदा वल्हवणं बघायला नदीवर गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा. काठावरच्या पायऱ्या ओल्या होत्या, पाणी सपाट होतं. बोटघरात मुंगी आणि शिडी समोरासमोर बसून एकमेकींची वल्ही मापत होत्या. मिस्त्री हात मागे बांधून उभी. शिडीच्या हातातली पट्टी सारखी तिरकी होत होती.

"पट्टी सरळ धर की," मुंगी तिला म्हणाली. "माझं चुकवलंस तर आणखी एक रविवार जाईल."

"धरतेय गं. ओरडू नको, तू काय पोपट आहेस?"

त्यावर पोपट म्हणाली, "माझ्या कामात कुणी लुडबुड करू नका," आणि सगळ्या हसल्या. मुंगीसुद्धा. आत्या हसली तेव्हा मात्र मुंगीनं तोंड फिरवलं.

बोटी पाण्यात गेल्या. सर छोट्या मोटरबोटीत घड्याळ घेऊन. मिस्त्री आणि मी काठावर. पहिल्या फेरीत मुंगीची बोट पुढे होती. किती, म्हणाल तर हातभर. मी मिस्त्रीचा दंड धरला. ती म्हणाली, "थांब. अजून अर्धंच झालंय." मग दोन्ही बोटी शेजारी आल्या. मुलींनी एकमेकींच्या बोटींच्या कडा धरल्या आणि दोघी, हातात वल्ही घेऊन, या बोटीतून त्या बोटीत गेल्या. पाण्यावर उभं राहणं म्हणजे काय असतं ते मी तेव्हा पाहिलं. शिडी तोल जाऊन डगमगली, तर मुंगीनंच तिला कोपरानं धरलं.  

दुसऱ्या फेरीत शिडीची बोट सुरुवातीपासून पुढे गेली. हातभर, मग माणूसभर, मग दोन माणसं, आणि शेवटी जवळजवळ तीन. मला शर्यतीतलं काही कळत नाही, पण एवढं दिसलं की शिडीचं वल्हं पाण्यात जात होतं ते लांबून जात होतं आणि उशिरा बाहेर येत होतं. मुंगी तिच्या बोटीत जीव तोडून ओढत होती. मान लाल झालेली मला काठावरून दिसत होती. तिनं काही कमी केलं नव्हतं. शिडी जास्त होती, एवढंच.

"कळलं," मिस्त्री हळूच म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता. डोळे मात्र तिनं बाहीला पुसले आणि वार्निशला शिव्या घातल्या. जवळपास वार्निश कुठे नव्हतं.

सरांनी फळ्यावरचं चौथं नाव पुसलं आणि शिडीचं लिहिलं. शिडी रडायला लागली. मुंगी म्हणाली, "आता तू का रडतेस, माझी पाळी आहे," पण रडली नाही. दुसऱ्या बोटीत, म्हणजे जिला मोठ्या शर्यतीआधीच्या लहान शर्यतीत पाठवतात तिच्यात, सरांनी तिला सगळ्यात पुढची जागा दिली. बाकीच्या तिघींनी तिच्या लयीवर वल्हवायचं. ती दुसऱ्या दिवशी साडेचारला उठली. मला वाटलं होतं, नाही उठणार.

मात्र आत्याशी बोलणं बंद.

तीन आठवडे आमच्या घरात माझा निरोप्या झाला. "आई, आत्याला सांग मीठ दे." मीठ आत्याच्या हातात असायचं. "वहिनी, तिला सांग, दिलं." सकाळी एकच दिवा लावून दोघी एकाच ओट्यावर चहा प्यायच्या, एकाच वाटेनं नदीवर जायच्या, दहा पावलांचं अंतर ठेवून. एकदा मी मिस्त्रीला म्हटलं, "तूच बोल ना आधी. मोठी आहेस."

"काय बोलू? चूक झाली म्हणून सांगितलं. ती मान्य आहे तिला. राग परत मापल्याचा आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही, तर मी खोटं खोटं कसं सांगू?"

"अगं, निदान शनिवारी दुधाचं तरी सांगायचंस. अर्धा राग माझ्यावर आला असता."

"तुझ्यावर आला असता तर धुणं कुणी केलं असतं?"

म्हणून मग एका रात्री जेवताना मीच सांगितलं. दूध, किल्ली, सगळं. मुंगीनं माझ्याकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "छान. म्हणजे संपूर्ण घरानं मिळून केलं." हे घाईघाईनं म्हणाले, "मी दुकानात होतो हं." पण तरी ती आत्याशी बोलली नाही. ती माझीच मुलगी आहे, तीन आठवडे ठरवले की तीन आठवडे.

शर्यतीच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. मोठं तळं, काठावर माणसंच माणसं, आठ कॉलेजांच्या बोटी. मिस्त्री पहाटेपासून तिथे. तिनं कडी बसवायची नवीन रीत केली होती. एक मुलगी पट्टी धरणार, ही स्क्रू आवळणार, दुसरी वहीत बघणार. सरांना वाटलं, तिला स्वतःवर विश्वास राहिला नाही. ती म्हणाली, "माझ्यावर आहे हो. माझ्या वहिनीवर नाही. ती कधीही येईल."

लहान शर्यतीत मुंगीची बोट पाचवी आली. पाचवी म्हणजे काही नाव काढावं असं नाही, पण पहिल्या अर्ध्यात ती सातवी होती, आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये मुंगीनं लय इतकी वाढवली की मागच्या तिघींनी नंतर तिला मनापासून शिव्या दिल्या. ती पाण्याबाहेर आली तेव्हा तिचा चेहरा तापलेला आणि खूश होता. मी टॉवेल घेऊन पुढे झाले, तर म्हणाली, "आई, थांब, आता मोठी आहे."

मोठी शर्यत. आमच्या चौघी तिसऱ्या रांगेतून निघाल्या. काठावरून सगळ्या बोटी सारख्याच दिसतात, पण शिडी बसलेली मला लगेच ओळखू आली. पोपटचा आवाज आधी पोचला, बोट नंतर. अर्ध्यावर आम्ही चौथे होतो. मग तिसरे. मग एकदम पहिल्या दोघांच्या बरोबरीला. हे, ज्यांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, ते "ओढ! ओढ!" करून ओरडत होते, आणि शेजारचा माणूस त्यांच्यापासून लांब सरकला. शेवटी आमच्या मुली दुसऱ्या आल्या. पहिल्यांपासून अंतर फार तर एका बोटीच्या नाकाएवढं. क्लबाचा दुसरा नंबर अकरा वर्षांनी आला होता. सर टोपी हातात घेऊन नुसतेच उभे होते.

मला आनंद झाला. खरंच झाला. पण आनंदाच्या पाठोपाठ ते दुसरंही आलं आणि जिभेवर आलेलं मला गिळता येत नाही.

"माझी मुंगी आत असती ना," मी मिस्त्रीला म्हटलं, "तर पहिला आला असता."

मिस्त्रीनं पाण्यावरची नजर काढली नाही. "वहिनी, मुंगी आत असती तर तिसरा आला असता."

"चौथा," मागून आवाज आला. मुंगी खांद्यावर टॉवेल टाकून उभी होती. कधी आली कोण जाणे. "चौथा आला असता, आत्या. उगाच लाड करू नकोस."

"चौथा कसा? चौथ्या बोटीची वेळ मी घेतलीय. सहा सेकंद मागे आहे ती."

"त्या रविवारी आम्ही तीन माणसं मागे होतो. तीन माणसं म्हणजे किती सेकंद?"

"ते एवढ्याशा पाण्यात. इथलं अंतर दुप्पट."

"मग दुप्पट मागे पडले असते!"

"तसा हिशोब नसतो गं. तू शेवटी वाढवतेस. आजच पाहिलं मी. सातव्यावरून पाचवी आलीस."

"ते तू बघितलंस?"

"मग काय डोळे मिटून बसले होते?"

"तरी चौथाच."

"तिसरा. वही आहे माझ्याकडे, चल, दाखवते."

चौघी बोट घेऊन काठाला लागत होत्या आणि ती उचलायला माणसं हवी होती. दोघी तशाच भांडत पायऱ्या उतरल्या. खाली गुडघाभर पाण्यात उभ्या राहून, एकीनं बोटीचं पुढचं टोक धरलं आणि एकीनं मागचं, आणि तिथूनही, मधल्या शिडीच्या डोक्यावरून, तिसरा की चौथा हे चाललंच होतं.